गहू नाही, दाणे नाहीत, दूध नाही : नाश्त्याला काय करायचं?

अनघा (बी-४०२): मोठ्याला सिलिअ‍ॅक निघालंय, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते, त्यामुळे गहू बंद. धाकटीला दाणे आणि दूध दोन्हींची अ‍ॅलर्जी. सकाळी दोघांना चालेल असा एकच नाश्ता हवाय. सुचवा प्लीज, इडली सोडून.

सुनंदा काकू (ए-१०१): घावन कर की. १ वाटी तांदळाचं पीठ, पावणेदोन ते दोन वाट्या पाणी, मीठ. ताकासारखं पातळ. बिडाचा तवा असा तापव की पाण्याचा थेंब तडतडून उडला पाहिजे. कडेने ओतत आत ये, डावाने पसरवू नकोस. झाकण १ मिनिट. पीठ तळाशी बसतं, म्हणून दर वेळी ढवळून घे, नाहीतर पहिली फाटतात आणि शेवटची भाकरीएवढी जाड होतात.

समीर (सी-३०५): काकू, माझी चिकटतात.

सुनंदा काकू: तवा थंड असेल, नाहीतर तांदूळ नवा असेल. नव्या तांदळाला चिकटा जास्त. जुना घे. आणि त्याच तव्यावर पोळ्या करत असशील तर ते घावन अनघाच्या मुलाला नको.

निखिल (बी-१०४): तव्याच्याही आधी गिरणी बघा. गव्हानंतर लगेच तांदूळ दळला तर जात्यातली कणीक त्यात उतरते. "आधी मूठभर तांदूळ घालून काढून टाकतो" म्हणतात, तेवढ्याने सिलिअ‍ॅकवाल्याचं भागत नाही. ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाने किलोला २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं. दोन चिमटी कणकेतच त्याहून जास्त होतं.

मेधा ताई (सी-५०१): म्हणून पिठाच्या भानगडीत कमी पडायचं. धान्य आणा, निवडा, धुवा, भिजवा, मिक्सरवर वाटा.
मुगाची धिरडी : हिरवे मूग १ वाटी, तांदूळ २ चमचे, रात्रभर भिजवून. आलं, मिरची, जिरं आणि अर्धी वाटी पाणी घालून वाटायचं. तांदूळ वगळलेत तर धिरडं मऊ पडतं, उलटताना तुटतं.
ज्वारीचा डोसा : ज्वारी २ वाट्या, उडीद डाळ अर्धी वाटी, मेथ्या अर्धा चमचा. ज्वारी टणक, ८-१० तास भिजू द्या. डाळ वेगळी भिजवून आधी हलकी वाटून घ्या. उन्हाळ्यात ८ तासांत आंबतं, थंडीत १२-१४ तास धरा.
ज्वारी ताटात पसरून निवडा. मधूनच लांबट, पोटावर चीर असलेला दाणा दिसला तर तो गहू.

अनघा: वा, हे जमेल. पोह्यांत दाण्यांऐवजी डाळं घातलं तर?

मेधा ताई: नको. फुटाणे आणि दाणे बऱ्याचदा एकाच भट्टीत, एकाच वाळूत भाजतात. वाफवलेले मटार आणि ओलं खोबरं घाल. खोबऱ्याच्या चटणीतही डाळं नको, चमचाभर उडीद डाळ तेलात लाल करून वाट.

निखिल: फोडणीचा हिंगही बघा हं. बाजारातल्या बांधणी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक असते.

समीर: हिंगात कणीक??

निखिल: डबीच्या मागे घटक वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. नाहीतर वगळा, जिरं-कढीपत्त्यावर भागतं.

सुनंदा काकू: मेतकुटातसुद्धा गहू असतो, बरं का. मऊभात-मेतकूट म्हणजे बिनधोक असं धरून चालू नका. सातूचं पीठही तसंच, गहू आणि डाळं. मेतकूट घरी करायचं तर गव्हाच्या जागी थोडे तांदूळ वाढवा, चवीत कळतसुद्धा नाही.

डॉ. वैशाली (ए-६०२): दोन गोष्टी. सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नाही. त्रास लगेच दिसला नाही तरी आतड्याचं नुकसान होत राहतं, म्हणून "थोडंसं चालतं" नाही. ग्रुपवर अजून कुणाला शंका असेल तर रक्ततपासणीआधी गहू बंद करू नका, तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.
दुसरं, धाकटीला दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल तर म्हशीचं, शेळीचं दूध, दही, पनीर, काहीच पर्याय नाही. तुपातही अंश राहतो. लॅक्टोज न पचणं वेगळं, त्यांना दही बहुधा चालतं. दाणे चुकून पोटात गेले आणि ओठ सुजले, उलट्या झाल्या, श्वास लागला तर अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते लगेच द्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.

मेधा ताई: लाकडी घाण्याचं दाण्याचं तेलही बंद, त्यात प्रथिनं उरतात. त्याच घाण्यावरचं तिळाचं तेलही नको.

अनघा: दूध नाही तर कॅल्शियमचं काय?

मेधा ताई: नाचणी. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम. अख्खी नाचणी धुऊन, रात्रभर भिजवून बारीक वाट आणि न गाळता वापर. सत्त्व काढताना चोथ्याबरोबर बरंच काही निघून जातं. २ चमचे वाटण, १ वाटी पाणी, मंद आचेवर ७-८ मिनिटं ढवळत शिजव, शेवटी गूळ आणि अर्धी वाटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर उकळी आणू नकोस, फुटतं. तरी कॅल्शियमचा हिशोब एकट्या नाचणीवर सोडू नकोस, वैशालीला विचार.

समीर: थालीपीठ राहिलंच की!

सुनंदा काकू: ज्वारी २ वाट्या, बाजरी १, तांदूळ १, हरभरा डाळ अर्धी, उडीद डाळ अर्धी, धने पाव वाटी. प्रत्येक जिन्नस वेगळा भाज, बाजरी आधी जळते. गहू नसल्यामुळे थापताना चिरतं, म्हणून किसलेला दुधी घाल आणि गरम पाण्यात भिजव. बाजरीमुळे भाजणी लवकर कडवट होते, पंधरा दिवसांपुरतीच दळ.

निखिल: पण दळायची कुठे? ज्यांच्या घरघंटीत गहू दळतात तिथे नको.

वर्षा (सी-२०३): आमच्या घरघंटीत फक्त तांदूळ आणि नाचणी होते, गहू कधीच घातला नाही. अनघा, भाजून निवलेलं आण, संध्याकाळी सातनंतर. चाळण मात्र तुझी आण, आमच्या चाळणीने कणीक चाळतो.