थंड समुद्रात तासन्‌तास पोहणे : वेटसूटबंदीचा नियम टिकावा का?

भांगेची भरती

इंग्लिश खाडी पोहून जाण्याचे जे नियम आज सागरी जलतरणात प्रमाण मानले जातात, त्यांत पोशाखाबद्दल एक कडक अट आहे. साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी, गॉगल आणि अंगाला लावायचे ग्रीस एवढेच चालते; शरीराची ऊब राखणारा वेटसूट चालत नाही. उन्हाळ्याच्या मोसमातही या खाडीचे पाणी साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअस असते. ही अट आता कालबाह्य झाली असून केवळ परंपरेच्या आग्रहापायी माणसांचे जीव धोक्यात घातले जातात, असे मत वारंवार मांडले जाते. मला ते पटत नाही. का पटत नाही ते मांडून, विरुद्ध बाजूचे म्हणणेही समजून घ्यावे, यासाठी हा धागा काढत आहे.

खाडीची रुंदी सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर आहे. ऊबदार तलावात एवढे अंतर कापणारे अनेक जण सापडतील. समुद्रात हे अंतर वेगळे होते, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. स्नायू जेवढी उष्णता निर्माण करतात आणि समुद्र जेवढी काढून घेतो, त्यांचा मेळ बारा-पंधरा तास राखावा लागतो. हात मंदावले की निर्माण होणारी उष्णता घटते आणि ती घटली की हात आणखी मंदावतात. म्हणूनच सोबतीच्या बोटीवरून दोरीला बांधून टाकलेले कोमट पेय काही क्षणांतच पिऊन पुन्हा पोहू लागावे लागते. तिथे रेंगाळणारा माणूस विश्रांती मिळवत नाही, तो गारठतो. या सगळ्या काळात बोटीला हात लावला, तर प्रयत्न तिथेच बाद होतो.

त्यात भरती-ओहोटीची भर पडते. प्रवाह खाडीला आडवे वाहतात आणि दर सहा तासांनी दिशा बदलतात, त्यामुळे पोहणाऱ्याचा मार्ग नागमोडी होतो आणि प्रत्यक्षात कापलेले अंतर बरेच वाढते. उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे, दिवस टाळून भांगेच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत निघण्याची पद्धत पडली आहे ती यामुळेच. तरीही फ्रान्सच्या बाजूचे ग्री-ने हे भूशिर हुकले, तर किनारा डोळ्यांसमोर असताना प्रवाह माणसाला त्याच्या समांतर ओढत नेतो आणि पोहणे कित्येक तासांनी लांबते. आपण किती पोहलो आणि किती उरले हे पाण्यातल्या माणसाला कळत नाही. त्याला बोटीची कड दिसते, रात्र असेल तर तिच्यावरचे दिवे दिसतात, आणि पुढचा घोट कधी येईल एवढाच हिशेब तो ठेवू शकतो. मला या प्रकाराचे आकर्षण वाटते ते या एकाग्रतेमुळे. इतका दीर्घ काळ, इतक्या थोड्या गोष्टींकडे, इतके संपूर्ण लक्ष देण्याची सक्ती माणसावर क्वचितच होते, आणि ती सक्ती करणारी गोष्ट थंडी असते. थंडी काढून टाकली, तर उरते ते केवळ लांब पोहणे.

दुसरे कारण तुलनेचे आहे. मॅथ्यू वेब यांनी १८७५ च्या ऑगस्टमध्ये २१ तास ४५ मिनिटे छातीवर पोहत ही खाडी पार केली. गर्ट्रूड एडर्ली यांनी १९२६ मध्ये ती साडेचौदा तासांच्या आसपास पार करून त्या वेळच्या पुरुषांच्या सर्वोत्तम वेळेला सुमारे दोन तासांनी मागे टाकले. आरती साहा यांचा १९५९ च्या ऑगस्टमधला प्रयत्न अपुरा राहिला आणि सप्टेंबरमध्ये त्या यशस्वी झाल्या. आज पाण्यात उतरणारी व्यक्ती या सर्वांना लागू असलेल्या अटींवरच उतरते. एवढ्या दीर्घ काळाशी थेट नाते सांगता येणारे क्रीडाप्रकार फार थोडे आहेत, आणि ते नाते वेटसूटच्या सोयीसाठी तोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

शरीरशास्त्र

मूळ लेखातील उष्णतेचा ताळेबंद बरोबर मांडला आहे, परंतु त्यात पाण्यातील व्यक्ती शेवटपर्यंत विचार करू शकते हे गृहीत धरले आहे. माझा आक्षेप नेमका त्यावर आहे.

थंड पाण्याचा धोका टप्प्याटप्प्याने येतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांत श्वास अनावर होतो, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब झपाट्याने वाढतात; याच वेळी तोंड पाण्याखाली गेले, तर हृदयाची गती मंदावणारी उलट प्रतिक्षिप्त क्रियाही सुरू होते आणि या दोन परस्परविरोधी आदेशांमुळे काहींच्या हृदयाची लय बिघडते. हा पहिला धक्का सरावाने बराच कमी होतो, हे मान्य आहे. थंड पाण्यातील पाच-सहा छोट्या बुड्यासुद्धा त्याची तीव्रता घटवतात. मात्र धक्का कमी झाला म्हणजे उष्णता जाणे थांबले असे होत नाही. सरावलेल्या माणसाला थंडी कमी जाणवते, आणि कमी जाणवणे हे दीर्घ पल्ल्यात दुधारी ठरते, कारण शरीराचा इशारा क्षीण होतो पण शरीराची हानी चालूच राहते.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. त्यात सर्वप्रथम बाधित होणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे निर्णयशक्ती. बोलणे अडखळते, साध्या प्रश्नाचे उत्तर सुचत नाही, आणि तरीही ती व्यक्ती आपण ठीक आहोत असे सांगत राहते. ज्याला थांबायचे की नाही हे ठरवायचे आहे, त्याचीच ठरवण्याची क्षमता हा खेळ हिरावून घेतो. सज्ञान माणसाने स्वेच्छेने पत्करलेला धोका हे समर्थन पाण्यात उतरताना लागू पडते; दहाव्या तासाला ते लागू पडते असे मला वाटत नाही.

जेसन झिरगानोस या ग्रीक जलतरणपटूचे उदाहरण द्यावेसे वाटते. थंड पाण्यात माणूस इतका वेळ कसा टिकतो, याचा शोध घेणाऱ्या १९५० च्या दशकातील शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला होता. त्वचेखालील चरबीचा थर आणि अखंड चालणारे स्नायू यांच्या जोरावर ते विलक्षण काळ तग धरत असत. हेच झिरगानोस १९५९ मध्ये आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधली नॉर्थ चॅनल पोहण्याच्या प्रयत्नात मृत्यू पावले. शरीराची देणगी, अनुभव आणि अभ्यासकांचे लक्ष हे सर्व लाभलेल्या माणसालाही समुद्राने माफ केले नाही. इंग्लिश खाडीत २०१२ आणि २०१३ अशा लागोपाठच्या दोन वर्षी पोहणाऱ्यांचे मृत्यू झाले, आणि तेही नियमांनुसार सोबतीला बोट असताना.

जागतिक जलतरण महासंघाच्या खुल्या पाण्यातील स्पर्धांत पाणी १६ अंशांपेक्षा थंड असेल तर शर्यत होत नाही आणि १८ अंशांखाली वेटसूट सक्तीचा असतो. जगातील सर्वोत्तम वेगवान जलतरणपटूंना दोन तासांच्या शर्यतीसाठी जे संरक्षण आवश्यक मानले जाते, ते त्यांच्याहून संथ असलेल्या हौशी माणसाला पंधरा तासांसाठी नाकारायचे, यामागचे तर्कशास्त्र मला समजलेले नाही.

उत्तरवारा

दोन्ही बाजू वाचल्या. नोंदी दोन प्रकारच्या ठेवाव्यात, एक वेटसूटसह आणि एक त्याविना, म्हणजे वाद मिटेल, असे मला वाटते. वेटसूट घालून खाडी पार केलेली व्यक्तीही तितकेच अंतर, तेच प्रवाह आणि तीच रात्र पार करते. तिचे नाव वेगळ्या यादीत लिहिल्याने वेब किंवा एडर्ली यांच्या कामगिरीला उणेपणा येत नाही. ज्यांना समुद्राची ओढ आहे पण ज्यांचे शरीर सडपातळ आहे आणि थंडी सोसत नाही, त्यांना दार कायमचे बंद का ठेवावे?

भांगेची भरती

दोन याद्यांना माझा विरोध नाही. अनेक ठिकाणी त्या आहेतच. माझा आग्रह एवढाच आहे की मूळ यादीची अट सैल होऊ नये.

शर्यतीच्या नियमांचा दाखला मात्र मला अपुरा वाटतो. शर्यतीत एकाच वेळी अनेक जण उतरतात आणि प्रत्येकावर स्वतंत्र नजर ठेवणे अशक्य असते. पुढच्याला गाठण्याच्या ईर्षेने स्वतःच्या शरीराकडे दुर्लक्ष होते, आणि तारीख ठरलेली असल्यामुळे हवामान कसेही असले तरी शर्यत उरकण्याचा दबाव असतो. २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथील शर्यतीत फ्रॅन क्रिपन या अव्वल जलतरणपटूचा मृत्यू झाला तो अतिउष्ण पाण्यात, आणि ते दिसेनासे झाले आहेत हे वेळेवर कोणाच्याच लक्षात आले नाही. ऊब मिळाल्याने माणूस सुरक्षित होत नाही. कोणीतरी सतत पाहत असल्याने त्याच्या वाचण्याची शक्यता वाढते. खाडी पोहताना एका व्यक्तीसाठी एक बोट, तिचा नाखवा, मदतनीस आणि स्वतंत्र निरीक्षक असतात. शिवाय १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहल्याचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र दिल्याशिवाय प्रयत्नाला परवानगी मिळत नाही. हा बेफिकिरीचा खेळ आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

वेटसूटने आणखी एक गोष्ट घडेल, जिचा विचार कमी होतो. तो अंगाला तरंगतेपणा देतो, वेग वाढवतो, आणि ज्यांची तयारी झालेली नाही अशांनाही आपण तयार आहोत असे वाटायला लावतो. वर्षभर थंड पाण्यात उतरून शरीर घडवण्याची शिस्त ही अटच लावते.

जुनी होडी

वयाचा मुद्दा इथे यायला हवा. १९८८ मध्ये थॉमस ग्रेगरी या मुलाने वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी इंग्लिश खाडी पार केली. पुढे किमान वयाची मर्यादा १६ करण्यात आली, त्यामुळे तो विक्रम मोडला जाणार नाही, आणि हे अत्यंत योग्य झाले. लहान शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने अधिक असते, म्हणून ते लवकर थंड होते. आणि मोठ्यांच्या अपेक्षांपुढे थांबतो म्हणण्याचे धैर्य अकरा वर्षांच्या मुलाकडे असेलच असे नाही. परंपरा बदलली म्हणून या खेळाचे मोल घटले नाही, हे मूळ लेखकाने ध्यानात घ्यावे. तुलनेसाठी अट अभंग राहिली पाहिजे हे त्यांचे म्हणणे वयाच्या बाबतीत कोणी पुढे केले असते, तर ते आपण मान्य केले असते का?

शरीरशास्त्र

वयाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि निरीक्षकाच्या उपस्थितीने धोका कमी होतो हेही. पण निरीक्षकाला काय दिसते? त्याला मिनिटाला किती वेळा हात फिरतात ते मोजता येते, पेय घेताना बोलणे स्पष्ट आहे का ते ऐकता येते, ओठांचा रंग पाहता येतो. रात्री लाटांमध्ये यांतील बरेचसे दिसत नाही. त्यातच किनारा दोन किलोमीटरवर आला असताना, कित्येक महिन्यांची तयारी आणि मोठा खर्च केलेल्या माणसाला बाहेर काढण्याचा निर्णय त्याच्याच मदतनिसांना घ्यायचा असतो. या निर्णयावर भावनेचा भार असतो, हे नाकारता येणार नाही.

पाण्याबाहेर आल्यावरही धोका संपत नाही. कातडी व हातापायांतले थंड रक्त आत परतते आणि आतले तापमान काही काळ घसरतच राहते. किनाऱ्यावर हसत उभी असलेली व्यक्ती थोड्या वेळाने कोसळू शकते. टाळ्या वाजवणाऱ्यांना हा भाग सहसा माहीत नसतो.

किनाऱ्यावरून

अशा प्रयत्नांत सोबतीच्या बोटीवर मी मदतनीस म्हणून राहिले आहे, म्हणून या शेवटच्या मुद्द्यावर लिहिते. वेटसूटबंदी टिकावी असेच माझे मत आहे, परंतु शरीरशास्त्र यांनी मांडलेली अडचण खरी आहे आणि तिला उत्तर न देता परंपरेचा अभिमान सांगणे पुरेसे नाही.

अमेरिकन जलतरणपटू लिन कॉक्स यांनी १९८७ मध्ये बेरिंग सामुद्रधुनीतील अमेरिकेचे लिटल डायोमीड आणि सोव्हिएत संघाचे बिग डायोमीड या बेटांमधले अंतर सुमारे दोन तासांत, वेटसूटविना, अवघ्या काही अंश तापमानाच्या पाण्यात पोहून पार केले, आणि त्याच वर्षअखेरीस वॉशिंग्टनमध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचोव्ह यांनी त्या धैर्याचा जाहीर उल्लेख केला. या घटनेतले धैर्य सर्वांना आठवते. त्यांच्यासोबत बोटीत डॉक्टर होते आणि पोहताना त्यांच्या शरीराच्या आतल्या तापमानावर लक्ष ठेवले जात होते, हे क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे त्या कामगिरीचे मोल तसूभरही कमी झाले नाही.

म्हणून मी असे सुचवीन की पोशाखाची अट जशी आहे तशी ठेवावी आणि थांबवण्याची अट कडक करावी. निघण्यापूर्वी, डोके शाबूत असताना, पोहणाऱ्याने स्वतःच लेखी ठरवून द्यावे की हातांचा वेग अमुक मर्यादेखाली गेला, किंवा लागोपाठ दोन वेळा साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर त्याची संमती न विचारता त्याला बाहेर काढले जाईल. हा अधिकार नातेवाईक किंवा प्रशिक्षक यांच्याकडे नसावा. तो निरीक्षकाकडे असावा, आणि किनारा कितीही जवळ असला तरी त्याला अपवाद नसावा. दहाव्या तासाला जी निर्णयशक्ती उरत नाही, ती पहिल्या तासाच्या आधी वापरून घेण्याचा हा मार्ग आहे. वेटसूटला विरोध करणाऱ्यांनी याला तरी विरोध करू नये, आणि भांगेची भरती यांचे यावर काय मत आहे ते वाचायला मला आवडेल.

भांगेची भरती

मला ही सूचना मान्य आहे, एका दुरुस्तीसह. हातांच्या वेगाची मर्यादा सर्वांसाठी एकच ठेवता येणार नाही. काही जण मिनिटाला पन्नास वेळा हात फिरवून बारा तास जातात, काहींचा नेहमीचाच वेग सत्तरच्या वर असतो. सहा तासांच्या पात्रता-चाचणीत प्रत्येकाचा स्वतःचा वेग नोंदवला जावा आणि त्यात किती घट चालेल हे त्यावरूनच ठरावे. दोन किलोमीटर उरले असताना बाहेर काढले जाणे किती क्लेशाचे असेल याची मला कल्पना आहे, आणि तरीही मी त्यावर सही करीन.