जनधन खात्यात शिल्लक नसली तरी १० हजार काढता येतात म्हणे, खरं आहे का?

सांगोलेकर:
नमस्कार मंडळी. आईचं जनधन खातं आहे, २०१५ चं. तिला पिको-फॉलची मशीन घ्यायचीय, सध्या पिकोला कपडे दुसरीकडे द्यावे लागतात आणि त्यातच निम्मी मजुरी जाते, जूनच्या आधी शाळेच्या युनिफॉर्मचं काम येतं तेव्हा तर फारच. ७ हजार कमी पडतायत. ग्राहक सेवा केंद्रावरचा माणूस म्हणतो खात्यात शून्य असलं तरी सरकार १० हजार देतं, ५०० द्या मी करून देतो. आई म्हणते सरकारचेच आहेत तर घेऊ, मला मात्र धाकधूक वाटतेय. हे फेडायचे असतात का? आणि खातं मायनसमध्ये गेलं तर लाडकी बहीणचे पैसे अडकतील का?

निवृत्त_कॅशियर:
आधी ते ५०० देऊ नका, अर्ज शाखेत करायचा असतो, त्याला मध्ये कोणी लागत नाही. आणि आईंना नीट समजावून सांगा की हे अनुदान नाही, कर्ज आहे. ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात आहेत त्यापेक्षा जास्त काढायची बँकेने दिलेली मुभा, व्याज लागतं आणि फेडावंच लागतं. मी काउंटरला असताना कितीतरी बायका थकबाकीची नोटीस हातात घेऊन रडकुंडीला येऊन उभ्या राहायच्या, त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसायचं, फार वाईट वाटायचं.

१० हजार ही वरची मर्यादा, आधी ५ होती, २०१८ ला वाढवली. सरसकट मिळत नाहीत. २ हजारांपर्यंत फारशा अटी नाहीत, त्याच्या वर मात्र बँक तीन आकडे बघते, महिन्याच्या सरासरी शिल्लकेच्या चौपट, मागच्या ६ महिन्यांत जमा झालेल्या रकमेच्या निम्मे, आणि १० हजार. तिन्हीतला सगळ्यात लहान आकडा तुमचा. खातं ६ महिने नीट चाललेलं हवं, आधार जोडलेलं हवं, वय ६५ च्या आत, आणि एका घरात एकालाच, शक्यतो घरातल्या बाईला. पासबुक भरून आणा आणि आकडे टाका इथे.

सांगोलेकर:
आणलं भरून. महिन्याला दीड हजार येतात ते आई दोन दिवसांत काढते, सरासरी ७०० च्या आसपास राहतात. शिलाईचे पैसे रोखच असतात, खात्यात कधीच भरले नाहीत.

निवृत्त_कॅशियर:
मग ७०० च्या चौपट २८००, आणि ६ महिन्यांची जमा ९ हजार म्हणजे निम्मे ४५००. तुमचा आकडा २८००, सात हजार आत्ता होत नाहीत. नुसती शिल्लक वाढवूनही भागणार नाही, ९ हजारांच्या जमेवर साडेचारच्या वर जाताच येत नाही. शिलाईचे पैसे खात्यात भरायला सुरुवात करा, मग दोन्ही आकडे वाढतील.

लाडकी बहीणचे पैसे येतील, पण खातं उणे २८०० असलं तर दीड हजार आधी त्या खड्ड्यात पडतात आणि शिल्लक उणे १३०० दिसते. मर्यादेपर्यंत परत काढता येतात, पण दर महिन्याला तेच केलं तर मुद्दल हलतच नाही.

गटाची_सचिव:
दादा आई बचत गटात आहेत का? आमच्याकडे महिना २ टक्के पडतात, म्हणजे ३ हजाराला महिन्याचे ६०, ओव्हरड्राफ्टला वर्षाला १० टक्के धरले तर २५ च्या आसपास. गट महाग दिसतो खरा, पण ते व्याज गटातच राहतं आणि रक्कम एकदम मिळते. मशीन कमाई करून देणारी आहे, मी असते तर गटातूनच घेतली असती, सीझन सुरू व्हायच्या आत हातात यायला पाहिजे.

धायरीकर:
मध्येच विचारतो, माझं जनधन नाही, साधं सेव्हिंग आहे, नोकरी सुटल्यापासून पडून होतं. आता शिल्लक उणे ७०८ दाखवतंय आणि शाखेत म्हणतात भरा मगच बंद होईल. एक रुपया जास्त काढला नाही मी! हाही ओव्हरड्राफ्टच का?

निवृत्त_कॅशियर:
नाही. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून लावलेल्या दंडाने सेव्हिंग खातं उणे करता येत नाही, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ ला तसं बजावलंय आणि १ एप्रिल २०१५ पासून ते लागू आहे. पण आधी स्टेटमेंट काढून बघा कशाचे कापलेत, हप्ता बाऊन्स झाल्याचे असतील तर प्रकरण वेगळं. दंडच असेल तर शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, त्याला फी नाही.

सांगोलेकर:
काका, ताई, खूप आभार. आईला सगळा हिशेब वाचून दाखवला, ती बराच वेळ गप्प होती, मग स्वतःच म्हणाली उद्यापासून शिलाईचे पैसे भरते. आज ८५० भरून पण आली. गटाची बैठक सोमवारी आहे, तिथे मशीनचं कोटेशन द्यावं लागतं का?

गटाची_सचिव:
आमच्याकडे नाही लागत, पण घेऊनच जा, समोर आकडा असला की बायका लवकर हो म्हणतात.