पूर येणार माहीत असतं तरी लोक घर सोडत नाहीत, हे सर्व्हेत मोजायचं कसं?

वेदगंगाकाठ
नमस्कार मंडळी. एमए भूगोलचा प्रोजेक्ट चालू आहे, विषय घेतलाय पुराचा धोका आणि लोकांची जागरूकता. गावं बेळगाव जिल्ह्यातली, चिकोडी-निपाणीकडची, यडूर, कल्लोळ, सदलगा, भोज, जमलं तर कुन्नूर. घोळ असा झालाय की वाचायला मिळतात ते निम्मे पेपर समुद्रकाठचे, चक्रीवादळ, त्सुनामी, ओडिशा, बांगलादेश. सरांनी त्यातलीच एक प्रश्नावली दिलीय, पहिला प्रश्न 'आपल्या भागात पुराचा धोका आहे हे आपणास माहीत आहे का?' आता यडूरच्या माणसाला हे विचारलं तर तो चहा पाजून परत पाठवेल मला. माहीत सगळ्यांनाच आहे की. तरी 2019 च्या ऑगस्टात कितीतरी लोक पाणी उंबर्‍याला लागल्यावरच हलले. मग मोजायचं काय? निदान काय विचारू नको ते तरी सांगा.

ऊसवाला
प्रोजेक्ट कशाला पाहिजे गा याला, लहान पोर पण सांगेल, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची दारं वेळेत उघडली की पूर नाही, नाही उघडली की पूर. वरनं कोयना सोडतात, खालनं अलमट्टी धरतात, मधे आम्ही. लिही हेच आणि घे मार्क.

घाटमाथा
@ऊसवाला दादा, 2019 च्या पुरावर महाराष्ट्र सरकारनं वडनेरे समिती नेमली होती, तिनं 2020 च्या अहवालात सांगली-कोल्हापूरच्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. कमी दिवसात पडलेला बेफाम पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यावर बोट ठेवलंय. आता अलमट्टीची पातळी 519.6 वरनं 524.256 मीटरवर न्यायचं चाललंय, कृष्णा पाणीवाटप लवादानं 2010 लाच परवानगी दिलीय, त्याची धास्ती खोटी आहे असं मी म्हणत नाही, तो भांडण्याचाच विषय आहे. पण @वेदगंगाकाठ, तुझ्या कामाचं इथंच आहे बघ. ज्याला वाटतं पूर म्हणजे दारं उघडण्या-झाकण्याचा खेळ, तो सामान कशाला बांधेल? तो दारं उघडायची वाट बघत बसणार. तेव्हा 'पूर कशामुळं येतो असं तुम्हाला वाटतं' हा प्रश्न घालच, आणि उत्तर मोकळं ठेव, पर्याय देऊ नको.

तू म्हणतोस ते कोडं अभ्यासकांनाही पडलेलं आहे. वाखिंगर आणि सहकाऱ्यांचा 2013 चा पेपर शोध, त्यांनी बरेच अभ्यास एकत्र तपासले, आणि धोका कळला म्हणून माणूस तयारी करतोच असं काही त्यातनं निघत नाही. कधी सरकारवर जास्त भरवसा असतो, कधी तिथं राहण्यातला फायदा मोठा असतो (आपल्याकडं काळी जमीन आणि ऊस, अजून काय), कधी हातात काहीच नसतं. मला तरी आपल्याकडं तिसरं कारण जास्त दिसतं.

माहेर_सदलगा
मी अभ्यासक वगैरे नाही पण बोलते. आमच्या माहेरी भिंतीवर 2005 च्या पाण्याची खूण आहे, वडील दरवर्षी त्या खुणेवरनं हिशेब करायचे, एवढं आलं होतं, आता यापेक्षा जास्त काय येणार. 2019 ला खूण केव्हाच बुडाली. दुसरं म्हणजे सदलग्यात ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं. पाऊस पडतो तिकडं राधानगरी-गगनबावड्याला. कृष्णा भरली की दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो, आणि तो नदीकडनं नाही, ओढ्यातनं शेताच्या मागच्या बाजूनं येतो, आवाज पण नाही. त्यामुळं 'आज मुसळधार पाऊस' असला मेसेज आम्हाला काय कामाचा? आमचे लोक मोबाईलवर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची (पंचगंगेवरच्या) पातळी बघत बसतात, 39 फूट इशारा, 43 धोका, पण तिथं 43 झालं म्हणजे आमच्या गोठ्यात कधी येणार हे कुणी सांगत नाही.

आणि गोठा म्हटलं की खरी गोष्ट. म्हशी सोडून कोण जाईल? शाळेत माणसांची सोय होते, जनावरं रस्त्याकडेला, वैरण भिजलेली. बायका-पोरं आधी जातात, गडी मागं राहतो तो म्हशीसाठी.

घाटमाथा
ताई एक नंबर. @वेदगंगाकाठ, समुद्रकाठचे पेपर फेकून देऊ नको, इथंच उपयोगी पडतात ते. 1970 च्या भोला चक्रीवादळात लाखो माणसं गेली, त्यानंतर बांगलादेशात किनाऱ्यावर जनावरांसाठी मातीचे उंच ढिगारे उभे केले, मुजीब किल्ला म्हणतात त्यांना. ओडिशात 1999 च्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, 2013 च्या फायलीन चक्रीवादळाला जवळपास दहा लाख लोक आधीच हलवले आणि बळींचा आकडा काही डझनांवर आला. लोक काय एकदम जास्त जागरूक झाले नव्हते, जायला निवारा होता आणि सांगायला गावातलाच माणूस होता. तेव्हा 'माहीत आहे का' खोड, तिथं लिही: जनावरं कुठं नेता, कुणाचं सांगणं ऐकून निघता, किती पाणी आलं की निघता.

वेदगंगाकाठ
भारी! अर्धी प्रश्नावली तर इथंच तयार झाली. पुढच्या आठवड्यात भोजपासनं सुरू करू का? वेदगंगा-दूधगंगेचा संगम आहे तिथं.

ऊसवाला
जुलैत येऊ नको रे बाबा, पूल पाण्याखाली गेले की तू अडकशील आणि लोक पण वैतागलेले असतात. दसऱ्याच्या आसपास ये, ऊसतोड सुरू व्हायच्या आधी. आणि कागद घेऊन दारात उभा राहिलास की पंचनामावाला समजतील. 2019 ला घर पूर्ण पडलेल्याला पाच लाख जाहीर झाले होते, तेव्हापासनं कुणी पाणी किती आलं विचारलं की माणूस छातीपर्यंत हात लावून दाखवतो, आलं असलं गुडघ्याएवढं तरी. आधी सांग कॉलेजातनं आलोय, पैसे-बिसे काही नाहीत, मग विचार. प्रश्न मराठीत आणि कन्नडात दोन्ही छापून आण, एका घरात दोन्ही लागतात. आमच्याकडं ये, म्हशी कुठं नेतो ती जागाच दाखवतो. अलमट्टीचं पण लिहून घे.