मदत हवी आहे: गुडघा बदलल्यानंतर पुन्हा स्कीइंग केलंय का कुणी?

नमस्कार मंडळी,
माझ्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया होऊन ९ महिने झाले. दुखणं जवळजवळ गेलंय, गुडघा १२० अंशांपर्यंत वाकतो, व्यायामाची सायकल रोज ३० मिनिटं चालवते. वीस वर्षं स्कीइंग केलंय. ते कायमचं सुटेल या विचारानेच जीव कासावीस होतो.

सर्जन नाही म्हणालेले नाहीत. त्यांच्या मते, ज्याला आधीपासून स्कीइंग येतं त्याने यंत्राने सारख्या केलेल्या सोप्या उतारांवर जायला हरकत नाही. उड्या, उंचवटे आणि कडक बर्फ मात्र टाळायचा. कृत्रिम सांध्याच्या धातूच्या दोन भागांमधलं प्लास्टिक धक्क्यांनी झिजतं, हे मी समजू शकते. पण पडल्यावर इम्प्लांटभोवतीचं हाड मोडलं तर ते दुरुस्त करणं फार अवघड, हे ऐकल्यापासून झोप उडाली आहे.

ज्यांनी हे केलंय त्यांना विचारायचंय, मांडीच्या स्नायूंत पुरेशी ताकद आली हे कशावरून ठरवलंत? फक्त शस्त्रक्रिया झालेल्या पायावर खुर्चीतून उठणं मला अजून नीट जमत नाही. बाइंडिंगचंही (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सुटणारी पकड) कळत नाही. घट्ट ठेवलं तर पडताना गुडघा पिळवटणार, सैल ठेवलं तर वळतानाच स्की निघणार. सेटिंग करणाऱ्याला तुम्ही शस्त्रक्रियेबद्दल सांगितलं होतं का?

की पहिला हंगाम सपाटीवरचं क्रॉस-कंट्री स्कीइंगच करावं? त्यात गुडघ्यावर ताण कमी येतो म्हणतात. पहिल्या दिवशी किती वेळ केलंत आणि संध्याकाळी सूज आली का, तेही कृपया सांगा.