मदत हवी आहे: 6 फुटी फळीवर गिरणीच्या सायडिंगचं शंटिंग लेआउट (एचओ), सोलापूर

पूर्वभागकर:
नमस्कार मंडळी. खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला 6 फूट लांब, 1 फूट रुंद (1830 × 300 मिमी) फळी लावायची आहे. त्यावर मॉडेल रेल्वे, एचओ म्हणजे खऱ्याच्या 1:87 मापाची. विषय कापड गिरणीची सायडिंग, काळ साधारण 1985. कापसाच्या गाठी आणि बॉयलरचा कोळसा आत येणार, कापडाच्या गाठी बाहेर जाणार. गिरणी कल्पनेतलीच.

हाताशी एक शंटिंग इंजिन आहे, कपलरपासून कपलरपर्यंत 160 मिमी. वाघिणी दोन प्रकारच्या: 40 फुटी परदेशी बंद वाघिणी (155 मिमी) आणि बॉक्सएन, म्हणजे भारतीय रेल्वेची उघडी वाघीण (125 मिमी). रूळ पेको कंपनीचा कोड 100 प्रकारचा घ्यायचा विचार आहे. कागदावर 4 सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), 4 सायडिंग (फुटून निघालेले, टोकाला बंद रूळ) आणि इंजिन पलीकडे नेण्यासाठी एक लूप काढला आहे. हे बसेल का? सांधे छोटे घ्यावेत की मध्यम? आणि उन्हाळ्यात ही भिंत दुपारनंतर चांगलीच तापते, त्याचं काय करावं?

सांधेवाला:
लूप आधी खोडा. लूपला दोन्ही टोकांना सांधा लागतो, म्हणजे छोटे घेतले तरी 185 + 185 मिमी. दोन वाघिणी उभ्या राहायला 250, दोन्हीकडच्या फाउलिंगसाठी (शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासू नये म्हणून सांध्यापाशी सोडायची जागा) 200 आणि इंजिन सुटून पुढे यायला किमान 180. हे झाले 1000 मिमी. उरलेल्या 830 मध्ये शंटिंग नेक (वाघिणी ओढून इंजिन जिथे थांबतं तो टोकाचा रूळ) आणि सायडिंग दोन्ही बसवलेत, तर प्रत्येक रुळावर जेमतेम दोन वाघिणी राहतील आणि इंजिन दर खेपेला अर्ध्या वाघिणीपुरतं अडेल.

अशा फळीचं सगळं गणित शंटिंग नेकवर ठरतं. सायडिंग किती काढायच्या, हा नंतरचा प्रश्न. नेकमध्ये इंजिनासह जितक्या वाघिणी मावतील, तितक्याच एका वेळी इकडून तिकडे जातील. म्हणून आराखडा नेकच्या टोकापासून सुरू करा.

माझं मत: इंगलनुक नावाचा शंटिंगच्या कोड्याचा आराखडा. दोन सांधे, तीन सायडिंग. एका सायडिंगला 5 वाघिणी, उरलेल्या दोघींना 3-3, आणि नेकमध्ये इंजिन + 3. फळीवर 8 वाघिणी ठेवायच्या आणि त्यातल्या 5 ठरलेल्या क्रमाने लावून गाडी तयार करायची. असे क्रम 6720 निघतात, त्यामुळे कंटाळा येण्याची भीती नाही.

आता तुमच्या मापांनी, सर्वात लांब वाटेचा हिशोब. बॉक्सएन धरून:
नेक: 160 + (3 × 125) + 30 मोकळे = 565
दोन छोटे सांधे: 370
फाउलिंगची जागा: 100
लांब सायडिंग: 5 × 125 = 625
टोकाचा बफर स्टॉप: 40
एकूण 1700. तुमच्याकडे 1830 आहेत, म्हणजे 130 शिल्लक.

तेच 155 च्या वाघिणी धरून केलंत तर 1940 होतात, 110 मिमी कमी पडतात. म्हणजे उत्तर वाघिणीच्या लांबीत आहे. परदेशी वाघिणी बाजूला ठेवा. खरी बॉक्सएन 10.713 मीटरची, 1:87 ला 123 मिमी. लहान फळीसाठी याहून सोयीची बोगी वाघीण शोधायची गरज नाही. शिवाय 1980 च्या दशकातलीच असल्यामुळे तुमच्या काळातही बसते. गाठींसाठी त्याच मापाच्या आसपासची बंद वाघीण बनवा किंवा चारचाकी घ्या, ती आणखी आखूड.

काळ 1985 ठेवलात हे फार चांगलं केलंत. आज भारतात मालगाडीचा अख्खा रेक एका जागेहून दुसऱ्या जागी जातो; एकेक वाघीण सोडण्या-जोडण्याचं काम उरलेलं नाही. त्या कामाशिवाय अशा फळीला अर्थच राहत नाही.

सांध्यांबद्दल: नेकला लागून असलेला पहिला सांधा मध्यम (219 मिमी) घ्या, दुसरा छोटा (185). पहिल्यावरून प्रत्येक खेप जाते, तिथे 34 मिमी खर्च करणं वसूल होतं. दोन्हींचा कोन 12 अंशच आहे, त्यामुळे समांतर रुळांचं अंतर 50 मिमीच राहतं. पेकोच्या साइटवर सांध्यांचे पूर्ण आकाराचे कागदी नमुने आहेत. छापताना 100 टक्के निवडा, छापल्यावर पट्टीने लांबी मोजा, मग फरशीवर मांडून वाघिणी उभ्या करून बघा. सांधे त्यानंतरच मागवा.

रूळ फळीच्या कडेला समांतर टाकू नका. 3-4 अंश तिरके टाकले की फळी खोल वाटते आणि मागे गिरणीच्या दर्शनी भिंतीला त्रिकोणी जागा मिळते. ती भिंत 40 मिमी जाडीचीही पुरते.

एक गोष्ट मान्य करूनच पुढे जा: भारतीय ब्रॉडगेज 1676 मिमी, 1:87 ला 19.3 मिमी येतो. एचओच्या 16.5 मिमीच्या रुळावर गाडी थोडी अरुंद उभी दिसणार. 19.3 साठी सांधे हाताने बनवावे लागतील. पहिल्या लेआउटसाठी तो मार्ग मी सुचवणार नाही.

तारजोड:
विजेचं सांगतो. सावकाश शंटिंग करताना इंजिन अडतं ते फ्रॉगवर, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर. प्लास्टिकच्या मृत फ्रॉगवर आखूड इंजिनाची चाकं आली की वीज तुटते. म्हणून इलेक्ट्रोफ्रॉग (धातूच्या फ्रॉगचा सांधा) घ्या आणि फ्रॉगला वीज स्विचमधून द्या. पाती (सांध्याचे हलणारे टोकदार रूळ) रुळाला टेकून वीज मिळते, त्यावर विसंबू नका. आपल्याकडची बारीक धूळ पातीच्या फटीत बसते आणि संपर्क जातो.

सांधा बदलायला साधा डीपीडीटी (दोन बाजूंना सरकणारा, सहा टर्मिनलचा) स्लाइड स्विच फळीखाली स्क्रूने बसवा. त्याच्या दांडीला सायकलची स्पोक (2 मिमी) जोडून पुढच्या कडेला बाहेर काढा. दांडीवरूनच 1 मिमी पियानो वायर फळीतल्या 10 मिमी भोकातून वर, सांध्याच्या टायबारच्या (दोन्ही पाती जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या) छिद्रात. स्विचची चाल टायबारपेक्षा जास्त असते. जादा चाल वायर वाकून पचवते. जाड वायर घातलीत तर टायबार तुटेल. पेकोची मूळ स्प्रिंग काढून टाका.

स्विचचं मधलं टर्मिनल फ्रॉगला, कडेची दोन दोन्ही रुळांना. उलट जोडलंत तर इंजिन फ्रॉगवर येताच शॉर्ट होईल. मग कडेच्या दोन तारा आपसात बदला. फ्रॉगनंतरच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर (रुळाचे दोन तुकडे जोडणाऱ्या पट्ट्या) हवेतच. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार झाळा, 0.5 चौरस मिमी पुरे. धातूचे जॉइनर कालांतराने काळे पडतात, त्यांच्या भरवशावर वीज नेऊ नका.

होटगीकर:
फळीचं. 12 मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय घ्या आणि दोन्ही बाजूंना, कडांना सीलर मारा. एकाच बाजूला रंग दिला की पावसाळ्यात दुसरी बाजू दमट होते आणि फळी धनुष्यासारखी वाकते. खाली 2 इंची लाकडी पट्ट्यांची चौकट, दर 2 फुटांना ब्रॅकेट. भिंतीपासून 20 मिमी अंतर सोडा, तापलेल्या भिंतीची थेट झळ कमी होते.

रुळाचं प्रसरण: निकेल सिल्व्हरची 1800 मिमी लांबी 30 अंशांच्या फरकाने सुमारे 0.9 मिमी वाढते. रूळ डिसेंबरात टाकत असाल तर दोन-तीन जोडांवर अर्धा अर्धा मिमी फट ठेवा. मे महिन्यात टाकत असाल तर फट नको, थंडीत ती आपोआप पडेल. फट न ठेवता सगळे जोड झाळून टाकले, तर पहिल्या उन्हाळ्यातच रूळ आडवा फुगतो, आणि तोही बहुतेक वेळा सांध्याजवळ. फट ठेवलेल्या जोडाला झाळ नको, फक्त शेजारच्या तुकड्यांना तार.

धुळीसाठी पुढे खाली सोडता येईल असा पातळ प्लास्टिकचा पडदा लावा. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. पॉलिश पेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो.

पूर्वभागकर:
मनापासून आभार. लूप खोडला, 5-3-3 पक्कं. दोन शंका राहिल्या. वाघीण सोडण्यासाठी चुंबक बसवावा की हाताने सोडावी? आणि रिकाम्या बॉक्सएन मागे ढकलताना सांध्यावर घसरतात.

सांधेवाला:
हाताने सोडा. फूटभर रुंदीत हात सहज पोचतो. बांबूची बारीक काडी नकल (मुठीसारख्या आकाराच्या) कपलरमध्ये घालून फिरवली की सुटतं. चुंबकाला ठरावीक जागा लागते, आणि तिथून जाताना कपलर ताणात नसेल तर नको तिथे वाघीण सुटते. जोडणी-सोडणी मात्र सरळ रुळावरच ठेवा. वळणावर कपलर एकमेकांसमोर येत नाहीत. सगळे कपलर एकाच उंचीच्या गेजवर तपासा, एक जरी खाली लोंबला तर फ्रॉगमध्ये अडकतो.

घसरण वजनाची आहे. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा हिशोब 1 औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस. 125 मिमीच्या वाघिणीला सुमारे 98 ग्रॅम. उघडी वाघीण असल्याने वजन लपवायला जागा नसते. तळाशी शिशाची पट्टी चिकटवा आणि वर कोळशाचा काढता थर ठेवा. वजन दोन्ही बोगींवर सारखं पडलं पाहिजे. तरीही घसरली तर चाकांमधलं अंतर गेजवर बघा. एका बोगीचा स्क्रू डावी-उजवी हलण्याइतका सैल आणि दुसरीचा फक्त फिरण्यापुरता सैल ठेवा; दोन्ही घट्ट असले तर वाघीण तीन चाकांवर चालते.

तारजोड:
सांधे बसवण्याआधी फ्रॉगची तार खालून झाळून घ्या. खडी चिकटवल्यावर ती झाळायला गेलात तर स्लीपर वितळतात. आणि पातींजवळ खडीचा गोंद अजिबात नको, टायबारपासून किमान 20 मिमी सोडा.

पूर्वभागकर:
ठीक. रविवारी कागदी नमुने फरशीवर मांडतो आणि मापं इथे टाकतो. सांधे त्यानंतरच मागवेन.