सोमा घेतलेली माणसं सुखी नसतात, हे कोणी ठरवलं?

गोळीबंद

तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. दुपारी दोन ते चार कोणी फिरकत नाही, तेव्हा काउंटरवर पुस्तक उघडं असतं. नुकतंच हक्सलीचं 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) दुसऱ्यांदा वाचलं आणि कॉलेजात न पडलेला प्रश्न आता पडला.

न वाचलेल्यांसाठी: या जगात माणसं बाटलीत वाढतात आणि बाटलीतच त्यांची पायरी ठरते, अल्फापासून एप्सिलॉनपर्यंत. जे काम वाट्याला येणार तेच आवडावं, अशी आधीच तजवीज केलेली. आईबाप नाहीत, विरह नाही, म्हातारपण दिसत नाही. तरी मन खट्टू झालंच तर सोमाची गोळी. अर्ध्या दिवसाच्या सुट्टीला अर्धा ग्रॅम, शनिवार-रविवारसाठी एक, पूर्वेच्या सफरीला दोन, चंद्रावरच्या अंधाऱ्या अनंतकाळाला तीन. हा तक्ता वाचला आणि धंद्याच्या सवयीने मी लगेच साइड इफेक्ट शोधायला लागलो. या जगाबाहेरच्या आदिम वस्तीत वाढलेल्या जॉनची आई लिंडा दिवसाला वीस ग्रॅमपर्यंत जाते, तेव्हा डॉक्टर त्या दोघांना लंडनला आणणाऱ्या बर्नार्डला हळूच सांगतो की महिना-दोन महिन्यांत संपेल, एक दिवस श्वसनकेंद्र बंद पडेल. अहो, हे तर बार्बिच्युरेटचं मरण! ती औषधं १९०३ पासून बाजारात होती. हक्सलीने गोळी भविष्यातली लिहिली, पण मरण आपल्या काळातल्या झोपेच्या गोळ्यांचं दिलं.

आता प्रश्न. सतराव्या प्रकरणात या जगाचा कारभारी, कंट्रोलर मुस्तफा माँड जॉनला विचारतो, दुःखी असण्याचा हक्क मागतोयस म्हणजे काय काय मागतोयस ते कळतंय का? म्हातारपण, कॅन्सर, सिफिलिस, उपासमार, उवा, टायफॉइड, असह्य वेदना. जॉन बराच वेळ गप्प बसतो आणि म्हणतो, सगळं मागतो. कॉलेजात असताना या ओळीने अंगावर काटा आला होता. पण १९३२ साली टायफॉइडवर नेमकं औषध नव्हतं, क्लोरॅम्फेनिकॉल यायला अजून दीड दशक होतं. दुसऱ्याच्या घरचा टायफॉइड मागायला काय जातं? माझ्याकडे लोक अल्प्राझोलाम ही चिंता-झोपेची गोळी मागतात, तेही चिठ्ठीशिवाय. ते शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीतलं. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. त्या रजिस्टरातली माणसं जॉनसारखी बोलत नाहीत. एक रात्र नीट झोप लागू दे, एवढंच म्हणतात.

तर मंडळी, अशा कादंबऱ्यांत 'खरं सुख' म्हणून लेखक नेमकं काय दाखवतो? 'स्वातंत्र्य' हे उत्तर नको, ते गाइडात छापलेलं आहे. एखादं पात्र पानावर, प्रसंगात सुखी झालेलं दाखवा.

शेवटचं_पान

सुखी पात्रं हवीत ना? शेवटच्या पानावर जा, हमखास सापडतात.

रशियन लेखक झाम्यातिनची 'वी' घ्या. हा माणूस जहाजं बांधणारा इंजिनीअर. कादंबरी लिहिली १९२०-२१ मध्ये, इंग्रजीत आली १९२४ ला आणि सोव्हिएत रशियात छापली गेली थेट १९८८ ला. त्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. नायक डी-५०३ ची कल्पनाशक्तीच शेवटी जबरदस्तीने ऑपरेशन करून काढून टाकतात. मग जिच्यावर जीव जडला होता त्या आय-३३० चा छळ समोर चाललेला असतो आणि हा शांतपणे बघतो. डोक्यातलं कुसळ काढल्यासारखं वाटतंय, ओठांवर हसू आहे, असं स्वतःच वहीत नोंदवतो. ऑर्वेलच्या '१९८४' चा नायक विन्स्टनही शेवटी जिनचा ग्लास घेऊन तृप्तच असतो.

थोडक्यात, या लेखकांना सुखाचा संशयच आहे. कोणी पूर्ण सुखी दिसला की समजावं, याचं काहीतरी कापून टाकलंय.

तर्कट

अमेरिकन तत्त्वज्ञ नोझिकने १९७४ मध्ये हाच प्रश्न विचारलाय. हवा तो अनुभव देणारं यंत्र आहे, पण आत टाकीत तरंगत राहायचं. जाल का? बहुतेक लोक नाही म्हणतील, म्हणजे माणसाला नुसतं सुख वाटून पुरत नाही, ते खरं असावं लागतं. विषय संपला.

गोळीबंद

@तर्कट, विषय एवढ्यात कसा संपेल? तो प्रश्न ठणठणीत माणसाला आरामखुर्चीत बसवून विचारलाय. दाढ ठणकत असताना विचारून बघा.

@शेवटचं_पान, कुसळ काढल्याची छान आठवण करून दिलीत. पण ही झाली खोट्या सुखाची उदाहरणं. मी खरं मागतोय.

रानभेंडी

गोळीबंद, तुम्ही सतराव्या प्रकरणावर थांबलात. सगळेच थांबतात, कारण भाषण तिथे आहे. अठरावं परत उघडा.

जॉन लंडन सोडून सरेमधल्या एका जुन्या दीपगृहात राहायला जातो. तिथे त्याला धनुष्य करायचं असतं. अ‍ॅश झाडाचं रोपटं तोडतो, साल काढतो, थोडं थोडं तासत नेतो. मधला भाग जाड, टोकं बारीक, हे लहानपणी मालपाइसमध्ये, म्हणजे त्याच्या आदिम वस्तीत, म्हाताऱ्या मित्सिमाने शिकवलेलं. लंडनमध्ये इतके आठवडे नुसती बटणं दाबली, आता हाताला काम मिळालंय. आणि तासता तासता एकदम त्याच्या लक्षात येतं की आपण गातोय. तुम्ही मागितलेला प्रसंग हाच. कोणी गोळी दिली नाही, कोणी भाषण केलं नाही, तो सुख शोधतही नव्हता.

पुढे काय होतं? तो शरमतो. इथे मी गायला आणि मजा करायला आलो नाही, लिंडाची आठवण ठेवायला आलोय, असं म्हणून मोहरी घातलेलं गरम पाणी पिऊन ओकाऱ्या काढतो आणि नंतर स्वतःला चाबकाने फोडून काढतो. मला या माणसाची चीड येते. माँडशी भांडून दुःखाचा हक्क घेतला, आणि फुकट चालून आलेलं गाणं मात्र गुन्ह्यासारखं पुसून टाकलं. त्यामुळे जॉनला नायक मानून या पुस्तकात सुख शोधाल तर हाती काही लागणार नाही.

माझा नायक हेल्महोल्ट्झ. झोपेत कानावर घालायच्या घोषणा रचणारा हुशार अल्फा. हवं ते मिळालंय, तरी त्याला वाटतं आपल्या आत काहीतरी सांगण्यासारखं आहे आणि ते बाहेर येत नाही. माँड त्याला बेटावर धाडणार असतो. विचारतो, उष्ण हवेचं बेट देऊ? हा म्हणतो, नको, हवा अगदी वाईट असलेलं द्या, वारा-वादळात लिहिणं चांगलं होईल. फॉकलंड ठरतं. शिक्षेची जागा स्वतः निवडून हा निघतो आणि आधी बर्नार्डची विचारपूस करायला जातो, कारण बर्नार्ड रडून गोंधळ घालत असतो. जॉनच्या आरोळीपेक्षा मला हे अर्धं पान मोठं वाटतं. वेदना हवी म्हणून तो वाईट हवा मागत नाही, कामाला लागते म्हणून मागतो.

शेवटचं_पान

+१. हेल्महोल्ट्झ माझ्या नजरेतून निसटला होता. आणि त्याचं पुढे काय झालं ते हक्सली सांगतच नाही, म्हणून माझ्या शेवटच्या पानाच्या नियमातूनही सुटला.

गोळीबंद

रानभेंडी, काल दुकान बंद करून अठरावं पुन्हा वाचलं. गाण्याचा प्रसंग पटला. हेल्महोल्ट्झही आवडला, पण एक राहतंच.

तो अल्फा प्लस आहे. त्याला फॉकलंड परवडतं. लिंडा मरते त्या इस्पितळात १६२ डेल्टा कामगार आहेत, ८४ बायका आणि ७८ पुरुष, सगळे दोन साच्यांतले. पाळी संपली की सोमाच्या वाटपासाठी रांगेत उभे राहतात. जॉन त्यांना स्वातंत्र्यावर भाषण देतो आणि गोळ्यांच्या डब्या खिडकीतून फेकून देतो. ते चवताळतात, मारामारी होते, पोलीस येऊन सोमाची वाफ सोडतात, मग सगळे एकमेकांचे मुके घेत रडतात. पूर्ण प्रसंगात त्या १६२ पैकी एकालाही कोणी विचारत नाही की बाबा, दिवसभराच्या कामानंतर तुला नेमकं काय हवंय? ना माँड, ना जॉन, ना हक्सली. माझ्या काउंटरपुढे ही रांग रोज असते, हेल्महोल्ट्झ क्वचित.

रानभेंडी

हा मुद्दा बिनतोड आहे. '१९८४' मध्येही तसंच. खाली अंगणात दांडगी बाई लंगोट वाळत घालताना गात असते. गाणं यंत्राने जुळवलेलं, भिकार, पण तिच्या गळ्यात ते गोड होतं. विन्स्टन माडीच्या खिडकीतून तिच्याकडे बघत बघत माणसाच्या भवितव्याचा विचार करतो. खाली उतरून दोन शब्द बोलत नाही. थोड्याच वेळात त्याला पकडतात, म्हणा.

टिपणवही

उशिरा आलो. हक्सलीला स्वतःलाही हे खुपत होतं. १९४६ च्या प्रस्तावनेत त्याने लिहिलंय की जॉनला दोनच पर्याय दिले, यंत्रयुगातलं वेड किंवा आदिम वस्तीतलं जिणं, आणि पुन्हा लिहायला बसलो तर तिसरा देईन. तो तिसरा 'आयलंड' (१९६२) मध्ये आहे. पाला नावाचं बेट, तिथे पाळलेल्या मैना दिवसभर 'लक्ष दे, लक्ष दे' ओरडत फिरतात. डोकं वापरणाऱ्यांनाही तिथे अंगमेहनत चुकत नाही. कादंबरी म्हणून जरा कंटाळवाणी आहे, पानंच्या पानं प्रवचन. आणि शेवटी शेजारचा हुकूमशहा बेटावर सैन्य घालतोच.

अवांतर: गोळी तिथेही आहे. मोक्ष-औषध म्हणतात, अळंबीपासून काढलेलं. पण रोज वाटत नाहीत. समारंभाने देतात, आणि जवळ जाणतं माणूस बसलेलं असतं.

गोळीबंद

जवळ माणूस बसवतात हे एच-१ पेक्षा बरं दिसतंय. डोस लिहिलाय का त्यात? पुस्तक मागवतो.