पुनरुज्जीवन, जतन की आणखी काही?

विटेकर : युनेस्कोच्या आदिवासी भाषा दशकावर (२०२२ ते २०३२) भित्तिपत्रक लिहितोय. संकटातल्या भाषेत परत जीव भरण्याला सगळे 'पुनरुज्जीवन' म्हणतात. मला तो शब्द खटकतो. आमच्या बाजारात टोपल्या विणणाऱ्या एक कैकाडी आजी नातवाशी त्यांच्या बोलीत बोलतात, नातू मराठीत उत्तर देतो. त्यांना म्हटलं, तुमच्या भाषेचं पुनरुज्जीवन व्हायला हवं. कांबीवरचा हात न थांबवता म्हणाल्या, "आधी मारली कुणी?"

मिरजकर : आजी बरोबर आहेत. पुनरुज्जीवन इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या कॉर्निश भाषेचं झालं. बोलण्यातून पार गेलेली भाषा विसाव्या शतकात जुन्या लिखाणावरून उभी केली. 'जतन' तर नकोच. लोणच्याची बरणी वाटते, झाकण लावलं की काम संपलं. आणि कैकाडीला 'बोली' का, जणू मराठीचीच? ती तमिळच्या नात्यातली, जनगणनेतही तमिळखालीच मोजतात.

आष्टेकर : उसवाल्यांना विचारा की राव! ऊस तुटून गेला तरी बुडखा जिता असतो. तो जमिनीलगत तासला की खालचे डोळे फुटतात, त्याला आपण खोडवा म्हणतो. न्यूझीलंडात तिथल्या मूळ रहिवाशांनी, माओरींनी, १९८२ पासून हेच केलं. म्हातारी माणसं अस्खलित बोलत होती, मधली पिढी इंग्रजीत गेलेली. मग शाळेआधीच्या पोरांना थेट त्या म्हाताऱ्यांच्या सहवासात ठेवलं. त्या बालवाड्यांना 'कोहांगा रेओ' म्हणतात, म्हणजे भाषेचं घरटं. बुडख्यालाच फुटवा, नवी लागण नाही.

मिरजकर : उपमा झकास, पण खोडव्याला उतारा, म्हणजे एकरी ऊस, कमी. कैकाड्यांना दुय्यम म्हटल्यासारखं होईल.

आष्टेकर : उतारा निगराणीवर असतो. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवून दिलं, नांग्या, म्हणजे न फुटलेल्या मोकळ्या जागा, भरल्या नाहीत, तर कमी येणारच. मोबाइल, रेशनकार्ड यांना आजींच्या भाषेत शब्द घडवणं म्हणजे नांग्या भरणंच.

कऱ्हाडची : 'तगवणं' घ्या ना. दुष्काळात माणदेशात जनावरं तगवतात, कुणी त्यांचं पुनरुज्जीवन करत नाही.

विटेकर : तगवणं म्हणजे नुसता जीव धरून ठेवणं, पोरं बोलायला लागली पाहिजेत, ते त्यात येत नाही. मथळा 'भाषेला फुटवा' करतो. आजींच्या भाषेत फुटव्याला काय म्हणतात ते येत्या बाजारी विचारतो, नातवाला शेजारी बसवून.